चावीदादाचा नंबर

ता. ९ जून

दादा,

नमस्कार. इकडे मी धडधाकट आहे, पोट भरतंय, बूट अजून टिकलेत. तुझी कंबर, वहिनीचा खोकला आणि न्हाणीघराचं गळणारं छप्पर यांतलं काही कमी झालं असेल तर कळव. वाढलं असेल तर वहिनी कळवतेच.

पत्र बघून तुला वाटेल, याला आता हे काय सुचलं, फोन मोडला की काय. फोन धड आहे. पण फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि वहिनीकडे देतोस. पाच वर्षं मी तुझं "हं" ऐकतोय. पत्राला हं म्हणता येत नाही, म्हणून पत्र. पाकिटावर तुझं एकट्याचं नाव घातलंय, तेव्हा हे तरी तिच्याकडे देऊ नकोस. नववीत दोनदा आपटलेल्या माणसाचं अक्षर आहे, ऱ्हस्व-दीर्घ जसं पडलंय तसं वाच.

वहिनीने सांगितलं की दुकानात माशा मारायची वेळ आलीय. ओळखीचे चार लोक येतात, बाहेरचं गिऱ्हाईक फेब्रुवारीपासून फिरकलेलं नाही. तू म्हणे कानस हातात धरून नुसता हाताकडे बघत बसतोस आणि तिला म्हणालास, "माझ्या हातातच खोट आली असेल. लोकांना कळतं ते."

दादा, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. लोकांना हात-बित काही कळत नाही. लोकांना फोन कळतो.

तुला समजेल असं सांगतो. पूर्वी दार ओढलं गेलं, चावी आत राहिली, की माणूस शेजाऱ्याचं दार वाजवायचा. शेजारी म्हणायचा, टाकीच्या कोपऱ्यावर चावीदादा बसतो, त्याला बोलवून आण. आता शेजाऱ्याचं दार कोण वाजवतो? आपल्याच दाराबाहेर उभं राहून फोनमध्ये लिहितात, "जवळचा चावीवाला". जवळचा म्हणजे कुठला, हेही लिहावं लागत नाही. तू कुठे उभा आहेस ते फोनला ठाऊक असतं. मग नकाशा येतो आणि नकाशाखाली तीन नावं. तीनच. चौथंपाचवं असतं, पण त्यासाठी बोटाने वर सरकवावं लागतं, आणि बाहेर अडकलेल्याच्या एका हातात पिशवी असते. तो पहिल्यावर नाहीतर दुसऱ्यावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो.

आमच्या साहेबाचं सगळं दुकान या तीन नावांवर चालतं. त्याला आम्ही मागून तीननंबरी म्हणतो. तो म्हणतो, "बोट पोचतं तिथवर गाव. त्याच्या पुढे जंगल." नळवाला, वीजवाला, चावीवाला, पंखे दुरुस्त करणारा, सगळ्यांची नावं आम्ही त्या तिनात बसवतो. फोन आमच्या टेबलावर वाजतो आणि आमचा ठेक्यावरचा माणूस मोटारसायकलवरून जातो. त्या नावाचं दुकान तिथे असेलच असं नाही. असावं लागतही नाही.

वेबसाइटचंही तेच. मी तुझ्या दुकानाची वेबसाइट केली होती ती आठवते? तुझ्या फळीचा फोटो घातला होता, चारशे चाव्या एकदम, मला फार भारी वाटलं होतं. तो फोटो इतका जड होता की फोनवर उघडेपर्यंत माणूस खिडकीतून घरात शिरला असता. इथे पहिल्याच आठवड्यात शिकलो. पान तीन सेकंदांत उघडलं पाहिजे, नाहीतर माणूस मागे जातो. वर मोठं बटण, बटणावर "फोन करा", बास. तुझी फळी कोणाला बघायची नसते. तू चावी प्रकाशात धरून एक डोळा मिटून बघतोस, तेही कोणाला बघायचं नसतं.

वहिनीने विचारलं, हल्ली तुझ्याकडे दुकानाचे फोन येतात की नाही. येत नाहीत. मंदी आहे. आला तर मी कळवणारच, नेहमी कळवत आलोच ना. नकाशावर "चावीदादा" या नावापुढे माझाच नंबर आहे, कारण मी नाव टाकलं तेव्हा तू म्हणालास, "माझा नंबर नको, हातात कानस असताना फोन कोण उचलणार?" मग मी दूर निघून आलो आणि नंबरही माझ्या खिशातून इकडे आला. इथल्या गोदामात खोकी उचलताना आपल्या गावच्या लोकांचे फोन यायचे. मी घाम पुसून तुला लावायचो, "दूधवाल्याच्या मागची इमारत, तिसरा मजला, बाई जिन्यात बसल्या आहेत." तू म्हणायचास हं, आणि जायचास. आपलं दोघांचं बोलणं म्हणजे दुसऱ्यांचे पत्ते. तेवढंच होतं ते.

तर मुद्द्याचं. शेजारचा कव्हरवाला तुझा गाळा मागतोय असं वहिनी म्हणाली. देऊन टाक. हट्ट करू नकोस. त्याच्या मोबाइलच्या कव्हरांना जागा कमी पडतेय आणि तुझ्याकडे नुसती फळी आहे. तू घरी बसून ओळखीच्यांची कामं कर. जमाना आपल्या हातातला राहिलेला नाही, त्याच्याशी डोकं फोडून काय मिळणार.

मागे तू कोणापुढे तरी म्हणाला होतास की फोनवर बोटं फिरवण्याला काम म्हणत नाहीत. माझ्या कानावर आलं होतं. राग नाही. फक्त आठवलं.

वहिनीला नमस्कार. छपराचं आधी बघ.

धाकटा

*

ता. २७ जून

दादा,

नमस्कार. माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

वहिनीचा निरोप ऐकला, साडेचार मिनिटांचा. दोनदा ऐकला, कारण मध्ये ती खोकते आणि मध्ये रडते. मला कळलं ते असं, बरोबर आहे का बघ. आपल्या मास्तरीणबाई मुलीच्या नव्या घरी राहायला गेल्या आहेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दार ओढलं गेलं, त्या बाहेर. फोनमध्ये "चावीदादा" नाव दिसलं, ओळखीचं म्हणून बरं वाटलं, फोन केला. मोटारसायकलवरून एक माणूस आला, कुलपाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, ड्रिल लावलं आणि कुलूप फोडलं. चौकटीची फळी उपटली, अवाच्या सवा पैसे घेतले आणि पावती न देता गेला. बाईंनी फोनवरच तुझ्या नावाखाली एक तारा दिला आणि लिहिलं, "चावीदादांकडून ही अपेक्षा नव्हती." कव्हरवाल्याने ते तुझ्या दुकानात चार लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. तू म्हणालास, "मी कोणाला पाठवलं नाही. माझ्याकडे माणूसच नाही." त्याने विचारलं, "मग हा नंबर कोणाचा, दादा?" आणि तू गप्प बसलास.

हे बघ, अशा भानगडी होतात. नकाशावर नावं सारखी असतात, एकाचं दुसऱ्याला लागतं. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. एका ताऱ्याने कोणी मरत नाही. आमच्याकडे तर अशा ताऱ्यांवर उतारा म्हणून चांगले तारे लिहायला दोन माणसं बसवलेली आहेत. दिवसभर लिहितात, "उत्तम सेवा, वेळेवर आले." हसू नकोस, पगारावर आहेत.

एक मात्र ऐक. बाईंकडे जाऊ नकोस. तू गेलास की कबूल केल्यासारखं होईल. वहिनी म्हणाली तू नवीन कुलूप काढून पुसत बसला होतास. ठेवून दे ते.

तू म्हणशील, हा कोण मला शिकवणारा. खरंच आहे. तू मला शिकवलंस आणि मी शिकलो नाही. एकोणिसाव्या वर्षी साबणावरच्या ठशावरून मी एक चावी केली. ठसा घेऊन आलेला माणूस म्हणाला काकांच्या कपाटाची आहे, आणि मला ते खरं वाटलं. तुझा कायदा मला पाठ होता. कुलूप समोर असल्याशिवाय आणि घरातलं माणूस उभं असल्याशिवाय चावी करायची नाही. पण कायदा मोडला तर दोन शब्द बोलायचे असतात, दादा. तू बोलला नाहीस. तीन गिऱ्हाइकांपुढे ती चावी माझ्या हातातून घेतलीस, शिकंज्यात धरलीस आणि कानशीने तिचे सगळे दात सपाट केलेस. सावकाश. मग माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, "ही तुझी. हिने काहीच उघडणार नाही." त्यातलं एक गिऱ्हाईक हसलं. त्याच आठवड्यात मी गाडीत बसलो.

हे आज का लिहितोय ते मलाही माहीत नाही. बाईंच्या दाराशी त्याचा काही संबंध नाही.

कव्हरवाल्याला गाळा देण्याचं काय ठरलं ते कळव. तू नाही तर वहिनीने.

धाकटा

*

ता. ६ जुलै, रविवार दुपार

दादा,

आज नमस्कार लिहीत नाही. लिहून खोडला.

खोलीत आम्ही चौघं राहतो. तिघं कपडे धुवायला खाली गेलेत, त्यामुळे तासभर ही पलंगाची कड माझी. खोली ऑफिसची आहे. त्याचं पुढे सांगतो.

काल वहिनी बोलली. तू बाईंकडे जाऊन आलास. जाऊ नकोस असं मी लिहिलेलं पत्र तुझ्या खिशात होतं म्हणे. नवीन कुलूप घेऊन गेलास, तीन तास बसलास, उपटलेली फळी रंधा मारून परत बसवलीस, पैसे घेतले नाहीस. आणि बाईंपुढे हात जोडून म्हणालास, "चूक माझ्याकडून झाली." बाई म्हणाल्या, "अरे पण तो माणूस तुझा होता का?" तू म्हणालास, "माझाच."

आणि पंधरा तारखेला गाळा कव्हरवाल्याला देणार, हे वहिनीने गुरुवारीच कळवलं होतं. कागद तयार आहे. वहिनीने कारण विचारलं तर म्हणालास, हात चालत नाही. ज्या हाताने तीन तास रंधा मारला तो हात. वहिनीला ते खरं वाटतंय. ती मला विचारत होती, इकडे हाताचा कोणी चांगला डॉक्टर आहे का.

मला ते खरं वाटत नाही, कारण मंगळवार मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. मागच्या पत्रात मी तो गाळला.

सुरुवातीपासून सांगतो, तू मध्ये उठून जाऊ नकोस.

फोन येत नाहीत हे खोटं होतं. फोन थांबलेच नव्हते. दिवसाला तीन-चार येत होते, कधी सहा. तुझं नाव पाच वर्षं त्या पहिल्या तिनात आहे, आणि त्यात मी काही केलेलं नाही. माझी वेबसाइट तर उघडतसुद्धा नव्हती. लोकांनीच लिहून ठेवलं होतं. "दार न फोडता उघडलं." "म्हाताऱ्या आईशी नीट बोलले." "कुलूप चांगलं आहे, बदलू नका म्हणाले." तीननंबरीने ते एक दिवस वाचलं. त्याचं ऑफिस गोदामाच्या वरच्याच मजल्यावर आहे; मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून तुला पत्ता सांगत होतो, ते त्याने ऐकलं आणि विचारलं, हा कुठला धंदा. मी फोनवर तुझं नाव काढून दाखवलं. फुशारकीनेच दाखवलं, खोटं कशाला बोलू. माझा दादा आहे म्हणालो.

तो बराच वेळ बोटाने सरकवत होता. मग म्हणाला, "असं नाव आपल्याला बनवता येत नाही. आपण शंभर बनवतो, त्यातली नव्वद महिन्यात पडतात. हे पडणार नाही." आपल्या गावात त्याला शिरायचंच होतं. म्हणाला, "तुझ्या नंबरावर येणारे फोन आपल्या टेबलाकडे वळव. दादाचं नाव मोठंच होईल. आणि गोदाम सोड, तुला टेबल देतो."

मी आठ दिवस नाही म्हणालो. हे खरं आहे, मानायचं तर मान. नवव्या दिवशी वहिनीकडून कळलं की तू न्हाव्याच्या दुकानात म्हणालास, आमचा धाकटा तिकडे बोटं फिरवतो, त्याला काम म्हणत नाहीत. त्या दिवशी माझ्या पाठीवर खोक्यांचे वळ होते. मी फोन काढला, सेटिंगमध्ये गेलो आणि वळवला. चार बटणं लागतात. तुझ्या पाच वर्षांना चार बटणं.

मनाशी म्हणालो, महिनाभर. बघू दे त्याला, बोटं फिरवण्याला काय म्हणतात ते. महिना झाला आणि मला खिडकीजवळचं टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली. मग मला ते बंद करणं जमेना. तुला रोज एक तरी फोन करत होतो तोही सुटला. कशासाठी करणार? पत्ता नसेल तर आपण दोघं काय बोलणार?

टेबल मला आपल्याच गावाचं दिलं, कारण गल्ल्या पाठ आहेत. फोन आला की म्हणायचं, "चावीदादा बोलतोय. कुठे अडकलात?" हे वाक्य मीच बनवलं. तीननंबरीला फार आवडलं, त्याने ते दुसऱ्या गावांनाही लावलं.

बाईंचा फोन मी घेतला. आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. ज्या आवाजाने पाढे म्हणून घेतले तो विसरतो का कोणी? त्या म्हणाल्या, "चावीदादाच ना? बरं झालं बाई, ओळखीचं माणूस मिळालं." मी आवाज जाड करून "हो बाई" म्हणालो. तेव्हाही मला फोन बाजूला ठेवून तुला लावता आला असता. टाकीचा कोपरा ते ती इमारत, तू वीस मिनिटांत पोचला असतास, एका तारेने उघडलं असतंस. मी आमचा माणूस पाठवला. तो कसा आहे ते मला ठाऊक होतं. तो कुलूप उघडायला शिकलेलाच नाही, त्याला फोडायचं तेवढं येतं.

आता तो मंगळवार, चोवीस जूनचा.

दुपारी सव्वातीनला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, कव्हरवाल्याचा होता हे मागून कळलं. मी म्हणालो, "चावीदादा बोलतोय. कुठे अडकलात?"

पलीकडे मागे गाणं चालू होतं आणि कोणीतरी कव्हराचा भाव विचारत होतं. मी परत म्हणालो, "बोला, कुठे अडकलात?" या वेळी आवाज जाड करायचं राहून गेलं.

मग तू म्हणालास, "नाही. चुकून लागला."

फोन कानावरून काढलास, पण लगेच बंद झाला नाही. कव्हरवाल्याने विचारलं, "कोण होतं, दादा?" आणि तू म्हणालास, "कोणी नाही. भलतीकडेच लागला."

माझ्या कानात ते आलं, दादा. तुझा धाकटा तुझ्या नावाने बोलतोय हे कळून अर्धं मिनिट झालं नव्हतं, आणि तू मला झाकलंस. चार लोकांपुढे. चावीचे दात घासताना झाकलं नव्हतंस, आणि या वेळी झाकलंस.

त्यानंतर तू बाईंकडे गेलास. आता मला सगळ्याचा अर्थ लागतोय. "माझाच" म्हणालास तो माणूस म्हणजे ड्रिलवाला नव्हे. आणि गाळा तू हातासाठी सोडत नाहीस. दुकान राहिलं तर कव्हरवाला पुन्हा विचारणार, नंबर कोणाचा. आज ना उद्या कोणीतरी शोधून काढणार. दुकानच नसेल तर कोण विचारतो. तू माझ्यावर झाकण ठेवायला आपलं दुकान वापरतोयस. वर मी नऊ जूनला लिहिलं होतं, देऊन टाक. मलाही तेच हवं होतं, दुकान गेलं म्हणजे हिशेब मिटला, तुला कधी कळायचं नाही.

मला हे नकोय. तू फोनवर शिव्या घातल्या असत्यास तर मी उलट शिव्या घातल्या असत्या आणि रात्री झोपलो असतो. तू काहीच बोलत नाहीस. लहानपणापासून तुझं हेच. चूक माझी आणि मोठेपणा तुझा. मला तुझ्या मोठेपणाचा वीट आलाय. एकदा तरी लहान हो आणि सांग लोकांना, माझ्या भावाने मला बुडवलं.

शुक्रवारी तीननंबरीने मला आत बोलावलं. नकाशावरच्या तुझ्या नावाची मालकी अजून माझ्या खात्यावर आहे, ती त्याला ऑफिसच्या नावावर हवी आहे. एक बटण दाबायचं, एकदा दिलं की परत मिळत नाही. म्हणाला, "तिकडचं दुकान पंधराला बंद होतंय असं तूच सांगितलंस. मग नाव रिकामं कशाला ठेवायचं? चावीदादा आपण चालवू. दहा वर्षं चालेल." त्याने मला चहा पाजला आणि माझ्या खुर्चीला हात टेकून उभा राहिला. मी म्हणालो, सोमवारी दाबतो.

त्या वेळी मला सोमवारी दाबायचंच होतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल मी तिथेच सुधारलो. वहिनीने काल हाताच्या डॉक्टरचं विचारलं नसतं तर उद्या दाबलंही असतं.

आज सकाळी वळवलेला फोन बंद केला. मग सिमकार्ड काढलं. या पत्राच्या मागच्या पानावर कागदात गुंडाळून चिकटवलंय, उघडताना जपून. त्याखाली खात्याचा पासवर्ड लिहिला आहे, मोठ्या अक्षरात. वहिनीच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमला जागा आहे, तिला घालायला सांग, पासवर्ड कसा बदलायचा तेही तिला येतं. हा नंबर चालू आहे. पत्र पोचेपर्यंत चार-पाच दिवस कोणाला लागणार नाही, नंतर वाजेल. तेव्हा तू उचल. काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. माझं वाक्य वापरू नकोस.

उद्या मी ऑफिसात जाऊन सांगेन. टेबल जाईल आणि त्याबरोबर ही खोलीही. गोदामात परत घेतील की नाही, बघू. वहिनीला याचं काही बोलू नकोस आणि घरी ये असा निरोप पाठवू नकोस. माझ्याकडे आता नंबर नाही, त्यामुळे पाठवणार तरी कुठे.

बाईंचा तो एक तारा आणि त्यांच्यासारखे आणखी सात आहेत, ते मला पुसता येत नाहीत. पुसायची सोयच नसते. त्यांच्या खाली उत्तर लिहिता येतं. मी लिहायला बसलो होतो, "चावीदादांकडून", आणि थांबलो. तुझ्या नावाने मी फार बोललो. त्या सात जणांचे पत्ते मागच्या पानावर आहेत. त्यांची कुलपंही फोडलेली आहेत. तू जाणार, मला माहीत आहे. जा, पण या वेळी "माझाच" म्हणू नकोस.

पंधरा तारखेचा कागद करू नकोस, दादा. सही करायच्या आधी हे पत्र कव्हरवाल्यापुढे टाक, त्याला मोठ्याने वाचायची हौस आहे. न्हाव्याकडे वाच. बाईंना नेऊन दे. लाल शाईने चुका काढतील, काढू देत. कोणी विचारलं नंबर कोणाचा, तर गप्प बसू नकोस. माझं नाव सांग. पूर्ण सांग, वडिलांच्या नावासकट, म्हणजे दुसऱ्या कोणावर जायला नको.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील.

मंगळवारी तुझा फोन चुकून लागला नव्हता. बरोबर माणसालाच लागला होता.

तुझा म्हणवून घ्यायची सोय न ठेवलेला,
धाकटा